पोर्शिया व्हेनिसला कशी गेली?

नववीचा शेवटचा तास होता. इंग्रजीच्या बाई रजेवर गेल्यामुळे तो माझ्याकडे आला होता. मी खालच्या वर्गांना मराठी शिकवणारी. इंग्रजीचे व्याकरण घेऊन नववीसमोर उभे राहण्याचा धीर मला नाही. म्हणून शाळेच्या कपाटातून चार्ल्स आणि मेरी लॅम या बहीणभावांनी लिहिलेले शेक्सपियरच्या गोष्टींचे जुने पुस्तक काढले आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्याची गोष्ट मराठीतून सांगायला घेतली. शायलॉक, तीन हजार ड्युकॅट, पौंडभर मांसाचा करार... मुले रंगून गेली. पोर्शिया वकिलाचा झगा घालून न्यायालयात उभी राहिली तेव्हा तर मागच्या बाकावरची वात्रट पोरेही गप्प झाली. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, ती व्हेनिसला गेली कशी?"

"कशी म्हणजे?"

"म्हणजे घर लांब होतं ना तिचं? मग कशातनं गेली? आणि सोबत कोण होतं?"

वर्ग हसला. मीही हसले, आणि गोष्टीत असले काही विचारायचे नसते असे सांगून पुढे गेले. तास संपला, घंटा झाली, पोरे पांगली. ती मुलगी मात्र दप्तर आवरून घाईघाईने निघाली. तिची वस्ती शाळेपासून तीन किलोमीटरांवर आहे आणि वाटेत ओढा लागतो. तिला पाठमोरी पाहताना माझ्या मनात आले की, मी दिलेले उत्तर शिक्षिकेला शोभणारे नव्हते, आणि लेखिकेला तर नव्हतेच नव्हते.

रात्री पुस्तक पुन्हा उघडले. लॅम बहीणभावांचे हे पुस्तक १८०७ सालचे. यातल्या सुखान्त नाटकांच्या गोष्टी बहिणीने, म्हणजे मेरीने लिहिल्या. तिच्या गोष्टीत पोर्शिया दासीला घेऊन निघते आणि खटल्याच्या दिवशी व्हेनिसला पोचते. एका वाक्यात निघाली, त्याच वाक्यात पोचली! मुलांसाठी गोष्ट आटोपशीर करताना मेरीबाईंनी रस्ताच गाळून टाकला होता. म्हटले, मूळ नाटकात तरी काय आहे ते पाहावे. टीपांसह छापलेली एक प्रत मिळवली आणि शब्दकोश शेजारी ठेवून चार रात्री वाचली.

वाचकहो, शेक्सपियरने त्या मुलीच्या एकूण एक प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे.

नवरा व्हेनिसला निघून जातो. पोर्शिया घरात लोरेन्झोला सांगते की, इथून दोन मैलांवर मठ आहे, नवरे परत येईतो मी आणि नेरिसा तिथे जपतप करीत राहू. हे निमित्त कोणत्या मराठी बाईला नवे आहे? देवदर्शनाला जाते म्हटले की कोणी अडवीत नाही. लोरेन्झोची पाठ वळताच ती नोकराला पादुआ गावी पिटाळते. तिथे तिचा नातलग डॉक्टर बेलारिओ हा कायदेपंडित आहे. त्याच्याकडून कागद आणि कपडे घ्यायचे आणि थेट व्हेनिसला जाणाऱ्या नावेच्या धक्क्यावर यायचे. मग ती नेरिसाला सांगते, बागेच्या फाटकाशी बग्गी उभी आहे, बाकीचा बेत बग्गीत बसल्यावर सांगेन, चल लौकर, आज आपल्याला वीस मैल काटायचे आहेत. निमित्त, सोबत, कपडे, कागदपत्रे, बग्गी, नाव आणि अंतर! लग्नघरच्या कर्त्या बाईनेही याहून चोख बेत आखला नसता.

या नावेच्या धक्क्यासाठी शेक्सपियरने जो शब्द योजला तो तर मोठा गमतीचा आहे. १६०० साली छापलेल्या पहिल्या प्रतीत तो 'ट्रॅनेक्ट' असा आहे. इंग्रजीत हा शब्द दुसरीकडे कुठेच सापडत नाही. पुढे निकोलस रो याने १७०९ मध्ये नाटके संपादित करताना ही छापखान्यातली चूक मानून 'ट्रॅजेक्ट' असा पाठ घेतला. कारण व्हेनिसमध्ये माणसांना पाण्यापार नेणाऱ्या नावेला 'त्रागेत्तो' म्हणतात. शेक्सपियर इटलीला गेला होता याला कसलाही पुरावा नाही. लंडनमधल्या कोणा इटालियनाच्या नाहीतर प्रवाशाच्या तोंडून त्याने तो शब्द ऐकला असावा. पण ऐकला, आणि बाईच्या प्रवासासाठी जपून ठेवला, याचे मला अप्रूप वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली, तिच्याकडे टीकाकार फारसे वळलेले मी तरी वाचले नाही. बस्सानिओ बेलमाँटला जातो तो जहाजाने. वारा फिरल्याची वर्दी येते, शिडे उभारली जातात, कोणी तरी त्याला जाताना पाहिल्याचे सांगतो. एकंदर थाट मोठा. इल पेकोरोने नावाच्या ज्या इटालियन कथासंग्रहातून हे कथानक घेतले, त्यात बेलमाँट हे समुद्रकाठचे बंदर आहे. तेव्हा नायक जहाजाने जाणार हे ठीकच. पण पोर्शिया त्याच बेलमाँटहून बग्गी आणि नावेने निघते, जणू ते गाव जमिनीवर वीस मैल आत आहे. याला पंडित लेखकाची विसंगती म्हणतील. मी म्हणेन, विसंगती खरी, पण तिच्यातून एक सत्य निसटून बाहेर आले आहे. एकाच गावाचा रस्ता पुरुषाला वेगळा आणि बाईला वेगळा असतो. आणि खटला जिंकल्यावर पोर्शिया काय करते? आज रात्रीच निघू आणि नवऱ्यांच्या एक दिवस आधी घरी पोचू, असे नेरिसाला सांगते. पोचतेही!

वीस मैल हा आकडा मी त्या रात्री दोनदा वाचला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, ज्याला हल्ली दहावी म्हणतात. गुण चांगले होते. कॉलेज जिल्ह्याच्या गावी, बत्तीस किलोमीटरांवर. आजोबा मैलांत मोजीत, त्यांच्या हिशेबाने वीस मैल. फीचा प्रश्न निघाला नाही, हुशारीचाही नाही. आजोबांनी एवढेच विचारले, "पोर एकटी जाणार कशी?" घरात कोणाजवळ उत्तर नव्हते, माझ्याजवळही नव्हते. असो. पुढे मी दोन कादंबऱ्या लिहिल्या. दोन्हींतल्या नायिका गावचे घर सोडतात आणि पुढच्या प्रकरणात पुण्यात असतात. त्या गेल्या कशा, हे मी एका ओळीनेही सांगितलेले नाही. मेरीबाईंना दोष देताना हे लपवून कसे चालेल?

नाटकाने अशी ओढ लावली आणि योगही जुळून आला. माझी भाची मिलानला शिकायला आहे. २०२४ च्या मे महिन्यात सुट्टी लागल्यावर साठवलेले पैसे मोडून मी तिच्याकडे गेले. व्हेनिसला दोघींनी मिळून जायचे ठरले होते. ऐन वेळी तिची परीक्षा पुढे सरकली. फोनवर बहिणीने पहिला प्रश्न विचारला तो हाच, "अगं, तू एकटी जाणार कशी?" पंचेचाळिशी उलटली तरी प्रश्न काही बदलला नाही. पण या वेळी माझ्याजवळ उत्तर होते. मिलानच्या मध्यवर्ती स्टेशनावरून आगगाडी, अडीच तासांत व्हेनिस.

उत्तर होते खरे, पण अपुरे होते. गाडी एका स्टेशनात थांबली, पाटीवर 'व्हेनेत्सिया' हा शब्द वाचला आणि मी पिशवी घेऊन खाली उतरले. बाहेर येऊन पाहते तो मोटारी, बसगाड्या, रंगीत पाट्यांची हॉटेले, आणि पाण्याचा टिपूस नाही. पाटीवरचा दुसरा शब्द मी वाचलाच नव्हता. ते 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' होते, जमिनीवरचे उपनगर. पाण्यातल्या शहराचे स्टेशन म्हणजे 'व्हेनेत्सिया सान्ता लुचिया', तिथून आणखी दहा-बारा मिनिटांवर. चाकांच्या पिशवीतून बाजार घेऊन चाललेल्या एका आजीबाईंनी मला दंडाला धरून फलाट दाखवला. पुन्हा तिकीट काढले. मेस्त्रेला उतरण्याची ही चूक नवख्यांच्या हातून नेहमी होते असे नंतर कळले. पण कुणाही प्रवासवर्णनकाराने ती आधी सांगितली नव्हती. आपल्याकडे प्रवासवर्णन म्हटले की लेखक पान उलटताच थेट सेंट मार्कच्या चौकात कबुतरांमध्ये उभा असतो.

मग पूल आला. साडेतीन किलोमीटरांहून थोडा लांब, दोनशे बावीस कमानींचा हा आगगाडीचा पूल ऑस्ट्रियाच्या अमलात, १८४६ साली वाहता झाला. शेजारचा मोटारींचा पूल १९३३ चा. दोन्ही बाजूंना उथळ, राखी पाणी, त्यात खुंट ठोकून आखलेल्या नावांच्या वाटा, आणि समोर घंटाघरांचे मनोरे. या पुलाने एका फार मोठ्या लेखकाला जन्मभर डिवचले. जॉन रस्किनचा 'व्हेनिसचे पाषाण' हा तीन खंडांचा ग्रंथ १८५१ ते १८५३ या काळातला. शिडीवर चढून, फूटपट्टी घेऊन त्याने एकेक खांब, एकेक कमान मोजली होती. दगडाकडे पाहावे कसे हे शिकायचे असेल तर त्याच्याकडेच जावे. पहिल्या खंडाच्या अखेरीस तो वाचकाला पादुआहून ब्रेंटा नदीच्या काठाकाठाने मेस्त्रेला आणतो, गोंडोल्यात बसवतो, आणि समोर शहर दिसणार तो पुलाची ठेंगणी रेघ आणि धूर आडवा येतो. त्याला ते दृश्य इंग्लंडातल्या एखाद्या गिरणगावाच्या उपनगरासारखे वाटले. पूर्वी लांबची वाट श्रमाने तोडावी लागे, म्हणून पोचण्याला गोडी होती, असे तो दुसऱ्या खंडाच्या आरंभी हळहळून सांगतो.

हे वाक्य वाचताना मान डोलते. पण थोडे थांबून विचार केला की वाटते, हे म्हणायला त्याचे काय जाते? वडील शेरी मद्याचे धनाढ्य व्यापारी, दाराशी बग्गी, बरोबर नोकरचाकर. वाटेचे श्रम गोड असतात हे ज्याच्यासाठी दुसरे श्रमतात त्याला सांगता येते. त्या धुरकट पुलावरून पुढे जी माणसे आली त्यांच्यात कारकून होते, परिचारिका होत्या, शाळामास्तर होते.

डेव्हिड लीनचा 'समरटाइम' हा १९५५ सालचा चित्रपट मी गेल्यावरून आल्यावर पाहिला, आणि आधी पाहिला असता तर बरे झाले असते असे वाटले. जेन हडसन ही अमेरिकेतल्या ओहायो प्रांतातली एक चिटणीस, अविवाहित, वय ओसरू लागलेले. पै पै साठवून ती व्हेनिसला येते. कॅथरिन हेपबर्नने तिचे काम केले आहे. ती आगगाडीने येते. पुलावरून जाताना खिडकीला लागून हातातल्या कॅमेऱ्याने चित्रे टिपत असते. स्टेशनाबाहेर येऊन ती बस शोधते, आणि बस म्हणजे होडी आहे हे तिला तिथे उमगते. दिग्दर्शकाने हा सारा प्रसंग सवडीने दाखवला आहे. पुढची प्रेमकथा मला बेताची वाटली. पण ती बॅग सांभाळीत पायऱ्यांवर भांबावून उभी राहते, ते क्षण माझ्या ओळखीचे आहेत. सान्ता लुचिया स्टेशनाच्या त्या ठेंगण्या इमारतीतून बाहेर पडले की रस्ता नाहीच. रुंद पायऱ्या उतरतात त्या पाण्याकडे, पलीकडे हिरव्या घुमटाचे देऊळ. मी पिशवी पायाशी ठेवली आणि किती तरी वेळ नुसती उभी राहिले.

टॉमस मानची प्रसिद्ध कथा 'व्हेनिसमधील मृत्यू' १९१२ ची. तिचा नायक आशेनबाख जहाजाने येतो, आणि व्हेनिसमध्ये आगगाडीने शिरणे म्हणजे राजवाड्यात मागच्या दाराने शिरणे असा विचार त्याच्या मनात येतो. वाक्य गाजलेले आहे, प्रत्येक मार्गदर्शक पुस्तक ते पुढे करते. पण मान साहेबांना परसदार ठाऊक नसावे. आमच्या गावच्या घरांत बायकांचे सगळे जाणेयेणे परसदारानेच असते. पुढच्या दारी आलेल्या पाहुण्याला ओटी आणि झोपाळा दिसतो; परसदारी आलेल्याला चूल दिसते, दळण दिसते, कोण रुसले आहे तेही कळते. मी परसदाराने शिरले याचा मला काही विषाद नाही.

तरी ही कथा मी इंग्रजी भाषांतरातून दोनदा वाचली, कारण जाण्यायेण्याचा अर्थ मानइतका कोणीच ओळखलेला नाही. आशेनबाखला गोंडोल्याने सेंट मार्कपर्यंत जाऊन तिथून आगबोटीने लीदो बेटावर जायचे असते. गोंडोलेवाला त्याला न जुमानता परस्पर लीदोला नेतो; वर, आगबोट सामान घेत नाही, असे कारण सांगतो. उतरल्यावर पैसे न घेताच तो नाहीसा होतो. त्याच्याजवळ परवाना नव्हता असे मागून कळते. पुढे शहर सोडायचे ठरवून आशेनबाख स्टेशनापर्यंत जातो, तो त्याचे सामान चुकून कोमोला गेलेले असते. त्या निमित्ताने तो मागे फिरतो, आणि हे फिरणेच त्याला मरणापर्यंत नेते. एक चुकलेली ट्रंक! ती कोमोला गेली नसती तर कथाच उरली नसती. लेखकाने वाहन आणि सामान यांचा हिशेब ठेवला की नियतीला वेगळे रंगवावे लागत नाही, ती हमालाच्या हाताने येते. माझे भांडण मानशी नाही, त्याच्या नायकाशी आहे. आपल्याला कोणी भलतीकडे नेले तर अंग सैल सोडून, मिटल्या डोळ्यांनी त्यात सुख मानणे, ही चैन पुरुषाची आहे. अनोळखी नावाडी भलत्या दिशेला वल्हवू लागला तर बाईच्या मनात मृत्यूचे काव्य येत नाही, वेगळेच काही येते.

गोंडोला म्हटले की आपल्या पिढीला हिंदी चित्रपट आठवतो. 'द ग्रेट गॅम्बलर', १९७९ सालचा. अमिताभ, झीनत आणि आशाबाईंचा आवाज. त्या गाण्यात कोणाला कुठे जायचे नसते, आणि गोंडोला तरंगत राहतो. मी गेले तेव्हा त्या तरंगण्याचा अर्ध्या तासाचा दर ९० युरो होता; रुपयांत मोजला तर आठ हजारांच्या वर. मी काठावरून गाणे आठवले आणि पुढे झाले.

गावात फिरायची साधने दोन, पाय आणि 'व्हापोरेत्तो' ही पाण्यावरची बस. १८८१ पासून ती चालू आहे. तिचे एका फेरीचे तिकीट साडेनऊ युरो, मुदत ७५ मिनिटे. म्हणजे साडेआठशे रुपये! गावकऱ्यांना स्वस्त पडते. मी एकदाच तिकीट काढले आणि पैसे वसूल करायचे म्हणून एक नंबरच्या बोटीने मोठ्या कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, पाऊण तास. ती या काठाहून त्या काठाला शिवत जाते. प्रत्येक थांब्याला बोटीवरचा माणूस दोर फेकतो, खुंटाला वेढा देतो, दोर करकरतो, फाटक सरकते, माणसे उतरतात. आजीबाई भाजी घेऊन, पोरे दप्तरे घेऊन, एक गवंडी बादली घेऊन. राजवाड्यांकडे पाहायचे राहून मी त्या दोराकडेच पाहत बसले.

बाकी सगळे पायी. शंभराहून अधिक बेटे आणि चारशेवर पूल, आणि पूल म्हणजे पायऱ्या. वाण्याची पोती, दवाखान्याचा रोगी, घरातला कचरा, सारे होडीने येते-जाते आणि शेवटी हातगाडीने पायऱ्या चढते. गल्लीला 'काल्ले', चौकाला 'काम्पो', पाण्याकाठच्या वाटेला 'फोंदामेन्ता', घराखालून जाणाऱ्या बोळाला 'सोतोपोर्तेगो' म्हणतात. ही नावे भिंतीवर पांढऱ्या चौकोनात रंगवलेली असतात. त्या चौकोनांना तिथले लोक छोटी चादर अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. पत्त्यात मात्र गल्लीचे नाव नसतेच. शहराचे सहा भाग, आणि प्रत्येक भागातल्या घरांना एकापासून सलग नंबर, हजारांच्या घरात. पुण्याच्या जुन्या वाड्यांचे पत्ते ज्यांनी शोधले आहेत, सदाशिव पेठ इतके इतके म्हणजे नेमके कुठे हे ज्यांनी चार पानपट्ट्यांवर विचारले आहे, त्यांना व्हेनिस परके वाटणार नाही. नंबर शेजारी शेजारी, पण मध्ये पाणी! सेंट मार्ककडे जाण्याची पिवळी पाटी एका कोपऱ्यावर डावीकडे बाण दाखवीत होती आणि उजवीकडेही. दोन्ही खरे होते.

माझा मुक्काम एका मठात होता. जोगिणी दोन-चार खोल्या भाड्याने देतात, रात्री साडेदहाला दार बंद. पोर्शियाने मठाचे निमित्त केले, माझ्या वाट्याला मठ खराच आला.

दुसऱ्या दिवशी रिआल्टोला जायचे होते. पूल लांबून जात होता, म्हणून कालव्याकाठी रांग दिसली तिथे उभी राहिले. दोन युरोत या काठावरून त्या काठावर, सगळ्यांनी उभ्यानेच. दोन नावाडी, साधा गोंडोला, गाद्या नाहीत, गाणे नाही. माझ्या पुढे एक म्हातारा कोंथिंबिरीसारखा कसला पाला पिशवीत घेऊन उभा होता. मी तोल सांभाळीत पाटीवर नजर टाकली. 'त्रागेत्तो'. तो शब्द! छापखान्यात मोडलेला, संपादकांनी जोडलेला, पोर्शियाच्या नोकराला कागद घेऊन यायला सांगितलेला. पार जायला दोन मिनिटेही लागली नाहीत, आणि मला उतरावेसे वाटेना.

पलीकडे मासळीबाजार, भाजीबाजार, आणि तिथे माझी आणखी एक चूक उघडी पडली. शायलॉक रिआल्टोच्या पुलावर व्यवहार करी असे मी वर्गात सांगितले होते, पुष्कळजण सांगतात. १८५४ पर्यंत मोठ्या कालव्यावर तो एकच पूल होता, आणि आजचा दगडी पूल १५९१ साली पुरा झाला. पण नाटकातला रिआल्टो म्हणजे पूल नव्हे, ही पेठ. देवळापुढचा चौक, सावकारांचे बाक, जहाजांच्या बातम्या. 'रिआल्टोवर काय खबर?' असे नाटकातली माणसे विचारतात तेव्हा त्यांना बाजारगप्पा हव्या असतात.

आणि ते तीन हजार ड्युकॅट! सेंट मार्कजवळ पाण्याकाठी सोळाव्या शतकातली टांकसाळ उभी आहे, 'झेक्का'. आता तिथे ग्रंथालय आहे. ड्युकॅट या सोन्याच्या नाण्याला पुढे तिच्यावरूनच 'झेक्कीनो' म्हणू लागले. नाण्याच्या एका अंगाला संत मार्क उभा आणि त्याच्यापुढे शहराचा प्रमुख गुडघे टेकून बसलेला. हे सोने व्यापारातून आपल्याकडे आले, लोकांनी त्यावरच्या आकृती पाहिल्या आणि नाव दिले 'पुतळी'. या दिवाळीला तुमच्या घरात कोणी पुतळ्यांची माळ काढली असेल तर एक पुतळी उजेडात धरून पाहा. हल्लीच्या पुतळ्या सोनाराने इथेच पाडलेल्या असतात, पण त्यांचे घराणे त्या धक्क्यावरचे. आपण व्हेनिसला जाण्याच्या कितीतरी आधी व्हेनिस आपल्या आज्यांच्या गळ्यात येऊन बसले होते. पुढे मुंबईहून तिथे थेट आगबोट जाऊ लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत मुंबई सोडलेले सुभाषबाबू मार्चमध्ये व्हेनिसलाच उतरले होते.

तिसरा दिवस, शनिवार, मी पोर्शियासाठी राखून ठेवला होता. बेलमाँट नकाशावर नाही. काही अभ्यासक ते ब्रेंटाच्या काठी मानतात, जिथे व्हेनिसच्या श्रीमंतांच्या हवेल्या होत्या. ती नदी फुसिना इथे खाडीला मिळे. पादुआहून येणारा उतारू तिथे नाव धरी. फ्रेंच लेखक मोन्तेन १५८० साली त्याच वाटेने गेला. घोड्यांनी फिरवायच्या यंत्राने बांधावरून होड्या पलीकडे ओढून घेतात, असे त्याच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. फुसिनाची नाव आजही आहे. शहराच्या दक्षिणेकडच्या 'झात्तेरे' नावाच्या धक्क्यावरून ती सुटते, पंचवीस मिनिटांत पोचवते. मी गेले. फुसिनाला वाहनतळ, पाणथळ जागा, आणि मागे मार्गेराच्या कारखान्यांची धुराडी. पाहण्यासारखे काहीच नाही. पण मला पाहायचे नव्हते, तिथून यायचे होते.

परतीच्या नावेत मी पुढे बसले. आधी नुसती एक रेघ. मग तिच्यातून मनोरे सुटे झाले, मग एक घुमट, मग खिडक्या. मेरी लॅमने गाळलेली जागा ती हीच असेल. खटल्याचे मुद्दे मनात घोळवीत, पुरुषी कपड्यांत आखडून, दोन बायका इथे बसल्या असतील. काही चुकले तर नवऱ्याच्या मित्राचा जीव जायचा, आणि ओळखले तर आपली अब्रू. शेक्सपियरने हा प्रवास रंगभूमीवर दाखवला नाही, नावही दाखवली नाही, पण तो घडण्याजोगा आहे एवढी खातरजमा करून ठेवली. पात्राविषयीचा आदर मी याला म्हणते. नायिका थोर आहे असे लिहायला कोणालाही येते. ती नावेला वेळेवर पोचेल का, याची काळजी करणारा लेखक विरळा.

संध्याकाळी स्टेशनाकडे निघाले तेव्हा पायऱ्यांपाशी तपासनीस उभे दिसले. २०२४ सालच्या वसंतापासून गर्दीच्या २९ दिवशी नुसते दिवसापुरते येणाऱ्याने पाच युरो भरावेत असा नियम तिथे झाला. रात्री मुक्काम केलेल्यांना माफी होती. मठाने दिलेला कागद मी दाखवला. १९५१ च्या सुमारास या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत, २०२२ मध्ये ते पन्नास हजारांच्या खाली आले. मी भाजीच्या पिशव्या आणि दप्तरे पाहिली म्हणाले ना, ती मोजकीच राहिली आहेत. माझ्यासारख्यांनीच ती गर्दी केली आहे, तेव्हा यावर आणखी बोलायचा मला अधिकार नाही.

जूनमध्ये शाळा भरली. ती मुलगी दहावीत गेली होती. मी सगळा वर्ग बसवला, फळ्यावर खाडी काढली, पूल काढला, फुसिना दाखवले, आणि दोन मैलांच्या मठापासून नवऱ्यांच्या आधी घरी पोचण्यापर्यंत सगळे सांगितले. सगळे झाल्यावर तिने विचारले, "आणि नावेचे पैसे कोणी दिले?" हे मात्र शेक्सपियरने सांगितलेले नाही.

२०२५ मध्ये ती चांगल्या गुणांनी पास झाली. निकालाच्या चौथ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. टोपी काढून बाकावर बसले. पोरगी पुढे शिकायची म्हणते, कॉलेज तालुक्याला, "पण बाई, ती जाणार कशी?"

मी टेबलाच्या खणातून कागद काढला. वस्तीवरून सकाळी सहाला निघायचे, ओढ्याच्या अलीकडे शिंद्यांची सून दूध घेऊन निघते, तिच्या सोबतीने फाट्यापर्यंत. फाट्यावर सहा-चाळीसची एस. टी.; मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, त्याचा अर्ज हा, यावर शाळेचा शिक्का मी मारून ठेवला आहे. परतीची गाडी दीडला, ती चुकली तर पावणेचारला. पावसाळ्यात ओढा भरला तर फाट्यावर माझी चुलत जाऊ राहते, तिच्याकडे थांबायचे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, सहा-चाळीसची गाडी रविवारी पण असते का?